गिफ्ट कार्डच्या डिस्काउंटमध्ये ३२,८०० गेले, टेलिग्रामवरून घेत असाल तर आधी वाचा

टेलिग्रामवर स्वस्तात गिफ्ट कार्ड आणि व्हाउचर विकणारे चॅनल असतात ते सगळ्यांना माहितीये, नंबर आणि पिन टाकला की तेवढी रक्कम ऑनलाइन दुकानाच्या आपल्या खात्यात जमा होते, अशी ती कार्डं. मी १०,००० ची चार घेतली, प्रत्येकी ८,२०० ला. एकूण ३२,८०० गेले.

भाचीचं लग्न. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली तेव्हाच ठरलं होतं की फ्रीज मामाकडून. जळगावला दुकानात ४२,९९० सांगितले, ऑनलाइन तोच मॉडेल ३८,४९० ला, आणि कार्डांवर घेतला की अजून ७,२०० सुटत होते. हाव केली म्हणणाऱ्यांनी जरा ऐका, कंपन्या दिवाळीला स्टाफला व्हाउचर देतात, कुणाचे क्रेडिट कार्डचे पॉइंट पडून असतात, असे लोक खरंच थोडे कमी घेऊन कार्ड विकून टाकतात, हे काय जगावेगळं नाही. निम्म्या भावात देत असता तर मी तिकडे फिरकलोच नसतो. शिवाय आधी ५०० चं एक कार्ड ४२५ ला घेऊन बघितलं होतं, नंबर आणि पिन टाकला आणि लगेच ५०० जमा. लहान कार्ड चाललं म्हणून मोठं चालेल असं कुणीच धरून चालू नका, ते लहान कार्ड चालण्यासाठीच दिलेलं असतं.

पैसे पाठवताना स्क्रीनवर चॅनलचं नाव नव्हतंच, भलत्याच बाईचं नाव होतं. विचारलं तर म्हणे अकाउंटंट मॅडमचं खातं. आता आपल्याकडे अर्ध्या दुकानांत स्कॅनर मालकाच्या बायकोच्या नाहीतर पोराच्या नावाचा असतो, मग त्यात मला काय वेगळं वाटणार?

पण खरी गोम पुढच्या मेसेजमध्ये होती आणि ती अजून डोक्यातून जात नाही. कार्डांचे फोटो आले, नंबर, पिन, खाली १०,००० बॅलन्स दाखवणारा स्क्रीनशॉट, आणि त्याखाली "सर मोठ्या रकमेचं कार्ड आहे, ॲक्टिव्हेट व्हायला २४ तास लागतात, तोपर्यंत ॲड करू नका, ब्लॉक होईल." अरे ५०० चं कार्ड जागच्या जागी चाललं, मग ह्याला २४ तास कशाला? तिथेच, त्याच ओळीवर सगळं उघडं पडलेलं होतं. मांडववाला दारात पैशासाठी उभा, पत्रिका वाटायच्या राहिलेल्या, त्या गडबडीत मी "ओके सर" टाइप करून फोन खिशात टाकला. ते २४ तास कार्डासाठी नव्हतेच, माझे पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवायला त्याला ते हवे होते. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन गेला तर रक्कम खात्यातच गोठवता येते, हे त्या हरामखोराला माझ्यापेक्षा चांगलं माहिती होतं. दुसऱ्या दिवशी चारही कार्डांवर "आधीच वापरलेलं आहे" आणि चॅनलवर मी ब्लॉक. आई ओट्यावरून विचारतेय "काय व्हयनं रे भाऊ?" आणि माझ्या तोंडातून शब्द निघेना. लग्नघरात सांगणार तरी कुणाला.

विक्रेता कुठलंही कारण देऊन थांबायला सांगत असेल तर त्याच मिनिटाला १९३० लावा, ओळखीच्या माणसाला विचारत बसू नका.

आता आपल्या साहेबलोकांचं ऐका. १९३० कितीतरी वेळ लागेचना, लागला तेव्हा तक्रार क्रमांक मिळाला, एवढंच. बँकेत गेलो तर म्हणे यूपीआय पिन तुम्हीच टाकलाय. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम दाखवला, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही म्हणून, तर म्हणे तो तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले त्याच्यासाठी, तुम्ही तर स्वतः पाठवले. पोलीस ठाण्यात आधी बाकड्यावर बसवलं, मग "स्वखुशीने पाठवले ना, मग फसवणूक कशी?" अहो फसवणूक म्हणजे दुसरं काय असतं, माणूस फसतो म्हणूनच खुशीने देतो ना! भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशाला आहे मग? तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी जा, तिथे गेलो तर खातं परराज्यातलं, आमच्या हद्दीत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न बघता तक्रार घ्यायची सोय आहे, हे मी मोबाइलमध्ये काढून दाखवलं तर साहेब माझ्याकडे असे बघतात जणू चोर मीच. लेखी पोच मागितली, "उद्या या". एकीकडे सगळीकडे बॅनर लावायचे की तात्काळ तक्रार करा, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला असं टोलवायचं. ३२,८०० ही यांना किरकोळ रक्कम वाटते, माझा दीड महिन्याचा पगार आहे तो.

तुमच्यावर आली तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक, ज्याला पैसे गेले तो आयडी आणि सगळी चॅट आधी काढून ठेवा, कारण टेलिग्रामवर समोरच्याने त्याच्याकडून चॅट डिलीट केली की तुमच्याकडूनही उडू शकते, माझी अर्धी उडाली. गिफ्ट कार्ड त्या कंपनीच्याच ॲपवरून घ्या, ज्याचा पिन तुमच्याआधी दुसऱ्याने पाहिलाय ते कार्ड तुमचं नाहीच. बॅलन्सचा स्क्रीनशॉट कुणीही बनवतो.

आणि अजून एक. तक्रार केल्यानंतर मला फोन आला, "तुमची रक्कम होल्ड झालीय, १,९९९ फी भरा, रिफंड सोडतो." माझी पूर्ण रक्कम आणि तारीख त्याला पाठ होती. त्याला काही न बोलता फोन कट केला आणि नंबर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयित फोन कळवायच्या 'चक्षू' सोयीत टाकला. ह्या लोकांना एक रुपयासुद्धा देऊ नका.