पिकअपसाठी स्नो प्लाऊ घेताय? ब्लेडच्या आधी दारावरचं स्टिकर बघा

पिकअपला प्लाऊ, म्हणजे पुढे लावायचा स्नो ढकलणारा ब्लेड, लावायचा म्हटलं की सगळे आधी ब्रँडवरून भांडतात, वेस्टर्नवाले एका बाजूला, बॉसवाले दुसऱ्या बाजूला, आणि कोणी अमेरिकेतल्या मेन राज्याकडचा असेल तर तो फिशर सोडून दुसऱ्याचं नावसुद्धा ऐकून घेत नाही. (गंमत म्हणजे वेस्टर्न आणि फिशर दोन्ही एकाच डग्लस डायनॅमिक्सचे, आणि बॉस २०१४ पासून टोरोकडे आहे, पण भांडणाला त्याने काही फरक पडत नाही.) मी थ्री-क्वार्टर टन (हलका हाफ-टन आणि जड वन-टन यांच्या मधला) ट्रकवर फिशरचा ८ फुटी साधा सरळ ब्लेड लावलाय, मॉडेल एचडी२. तो कसा आहे ते सांगतेच, पण त्याच्याआधी ट्रकबद्दल बोलू, कारण प्लाऊ कुठला घ्यायचा हे निम्म्याहून जास्त तुमचा ट्रकच ठरवतो आणि डीलर लोक नेमकं तेच घाईघाईत उरकतात.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतं. त्यावर पुढच्या ॲक्सलचा जीएडब्ल्यूआर लिहिलेला असतो, म्हणजे पुढच्या ॲक्सलवर जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. सगळा खेळ याच्यावर आहे. टोइंग कपॅसिटी, घोड्यांची ताकद वगैरे जाहिरातीतलं काहीही इथे कामाला येत नाही. मग रिकामा ट्रक, टाकी फुल, तुम्ही आणि सोबत जो कोणी बसणार असेल तो आत, असा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (वजनकाट्यावर) न्यायचा, तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं मिळतं. स्टिकरच्या आकड्यातून हे पुढचं वजन वजा केलं की प्लाऊसाठी किती जागा उरली ते कळतं.

आता इथे एक गोष्ट आहे जी ब्रोशरमध्ये ठळक अक्षरात कधीच नसते. ७०० पौंडांचा प्लाऊ पुढच्या ॲक्सलवर ७०० पौंड टाकत नाही, जास्त टाकतो, कारण तो ॲक्सलच्या वर बसलेला नाहीये, त्याच्याही पुढे लटकतोय. सी-सॉवर टोकाला बसलेलं पोर कसं जास्त जड पडतं तसं. हिशोब करून बघा, समजा प्लाऊचं वजन ॲक्सलच्या ५ फूट पुढे धरलं आणि ट्रकचा व्हीलबेस (दोन ॲक्सलमधलं अंतर) १२ फूट, तर पुढच्या ॲक्सलवर जवळजवळ १,००० पौंड येतात आणि मागच्या ॲक्सलवरून ३०० पौंडाच्या आसपास उचलले जातात. म्हणजे पुढे स्प्रिंग बसणार आणि मागची चाकं हलकी होऊन घसरणार, दोन्ही एकदम. म्हणूनच मागे बॅलास्ट, म्हणजे तोल साधणारं जादा वजन, लागतो, आणि तो नुसता बेडमध्ये कुठेही टाकून चालत नाही, मागच्या ॲक्सलच्या मागे पाहिजे, टेलगेटला लागून. ५०० पौंडांच्या वाळूच्या पिशव्या ॲक्सलच्या ३ फूट मागे ठेवल्या तर मागे ६२५ पौंड वाढतात आणि पुढचे १२५ कमी होतात. आणि त्या नीट बांधा हो, नाहीतर पहिल्याच ब्रेकला सरकत कॅबला येऊन आपटतील.

यातून एक उलटं सत्य बाहेर येतं. डिझेल ट्रक म्हणजे प्लाऊला एकदम दणकट असं सगळ्यांना वाटतं, पण डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काही शे पौंड जड असतं आणि ते सगळं वजन पुढच्याच ॲक्सलवर, म्हणजे प्लाऊसाठी जी जागा होती ती इंजिननेच खाल्ली. क्रू कॅब (चार दारांची) म्हणजे आणखी वजन आणि वळायला आणखी जागा. नुसतं प्लाऊसाठीच ट्रक घेत असाल तर रेग्युलर कॅब (दोन दारांची), पेट्रोल, ४ बाय ४, आणि फॅक्टरीतून स्नो प्लाऊ प्रेप पॅकेज टाकलेला घ्या. त्या पॅकेजमध्ये साधारण पुढचे जाड स्प्रिंग आणि मोठा अल्टरनेटर असतो, कंपनीप्रमाणे आणखी काही. नंतर बाहेरून जाड स्प्रिंग टाकता येतात, त्याने ट्रक खाली बसत नाही हे खरं, पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही, हे स्प्रिंग विकणारा सांगत नाही.

हाफ-टनवाल्यांनी नाराज होऊ नका. एफ-१५०, सिल्वेराडो १५०० वगैरेंसाठी कंपन्या मुद्दाम हलके प्लाऊ बनवतात, वेस्टर्नचा एचटीएस, फिशरचा एचटी. घरचा ड्राइव्हवे आणि शेजारच्या आजींचा ड्राइव्हवे एवढं काम असेल तर ते पुष्कळ झालं. फक्त त्याच्यावर पार्किंग लॉटचे कॉन्ट्रॅक्ट घ्यायला जाऊ नका. कंपन्यांच्या साइटवर ट्रकचं मॉडेल, कॅब, इंजिन सगळं टाकलं की कुठला प्लाऊ चालेल ते सांगणारं टूल असतं, ते नाही म्हणालं तर नाही, डीलर कितीही "चलता है" म्हणाला तरी. आणि नवीन ट्रक असेल तर ग्रिलमागचा रडार विसरू नका, ॲडॅप्टिव्ह क्रूझ आणि आपोआप ब्रेक लावणारी सिस्टिम त्याच्यावर चालते आणि समोर लोखंडाचा पत्रा आला की ती गोंधळते. ओनर्स मॅन्युअलमध्ये प्लाऊबद्दल एक भाग असतो, तो वाचूनच पुढे जा.

रुंदी. इथे लोक ७.५ फूट की ८ फूट यावर डोकं खाजवतात, पण ब्लेड सरळ असताना किती रुंद आहे ते बघून उपयोग नाही, कारण काम बहुतेक वेळ ब्लेड तिरका करूनच होतं. ३० अंश तिरका केला की ८ फुटी ब्लेड साधारण ६ फूट ११ इंच साफ करतो आणि ७.५ फुटी ६.५ फूट, म्हणजे ७८ इंच. मोठ्या पिकअपची बॉडी आरसे सोडून ८० इंचाच्या आसपास असते. ७.५ फुटीमध्ये चाकं कशीबशी साफ पट्ट्यात राहतात, वळताना मागचं चाक हमखास न काढलेल्या स्नोवर चढतं आणि तो दाबला की रात्रीत त्याचा दगड होतो. म्हणून फुल साइज थ्री-क्वार्टर टनला ८ फूट. अरुंद गल्लीतून, दोन गाड्यांच्या मधून काढायचं असेल तर ७.५. ९ फूट वगैरे वन-टन ट्रकवाल्यांसाठी.

आता सरळ ब्लेड की व्ही? माझं मत स्पष्ट आहे, घर आणि दोनचार ड्राइव्हवे असतील तर सरळ घ्या. व्ही-प्लाऊ भारीच असतो यात वाद नाही. टोक पुढे करून जमून बसलेला ड्रिफ्ट फोडता येतो, उलटा करून स्कूप केला की स्नो कडेने सांडत नाही, सगळा पुढे नेऊन ढीग लावता येतो, आणि मोठ्या लॉटमध्ये त्याने वेळ भरपूर वाचतो. पण वजन जास्त, म्हणजे पुन्हा तो ॲक्सलचा हिशोब, आणि मधलं बिजागर, दोन वेगळे सिलिंडर, जास्त होस, म्हणजे बिघडायला जागा जास्त. तिसरा प्रकार पंखवाला, वेस्टर्नचा वाइड-आउट किंवा ब्लिझर्डचा, जो ८ फुटाचा १० फूट होतो. मोकळ्या लॉटला याच्यासारखा नाही, पण ड्राइव्हवेला तो उगाच.

मग येतो ट्रिपचा, म्हणजे अडथळ्यावर ब्लेडने झुकण्याचा, प्रश्न, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि ज्याच्यामुळे शेवटी फिशर घेतला. स्नोखाली काय आहे ते दिसत नाही, मॅनहोलचं झाकण, वर आलेला काँक्रीटचा जॉइंट, काहीही. ब्लेड त्याच्यावर आपटला की काहीतरी झुकायला पाहिजे, नाहीतर धक्का सरळ ट्रकच्या फ्रेमला आणि तुमच्या मानेला. फुल ट्रिपमध्ये सगळा ब्लेडच पुढे कोलमडतो, स्प्रिंगवर. उंच अडथळ्यावरून सहज जातो, पण समोर जमवलेला स्नो त्याच्याबरोबर सांडतो आणि जड ओला स्नो असेल तर नुसत्या वजनानेसुद्धा कधीकधी झुकतो. ट्रिप एजमध्ये फक्त खालची पट्टी, साधारण ६ ते ८ इंचाची, मागे दुमडते आणि वरचा ब्लेड तसाच उभा राहतो, स्नो जागेवर. ढीग रचताना हे फार बरं पडतं. तोटा असा की अडथळा त्या पट्टीपेक्षा उंच असेल तर काही दुमडत नाही, सरळ धडक बसते, म्हणजे उंच कर्बच्या जवळ हळू जायचं, घाई चालत नाही. वेस्टर्नचे सरळ ब्लेड फुल ट्रिप, फिशर ट्रिप एज, आणि बॉसच्या डीएक्सटी व्ही-प्लाऊमध्ये दोन्ही आहे. माझा रस्ता जुना आणि जॉइंटनी भरलेला, त्यामुळे मला ट्रिप एज. कच्च्या वाटेवर, खडीवर काम असेल तर शूज (ब्लेडखाली लावायचे टेकू) लावून ब्लेड जरा वर ठेवा, नाहीतर अर्धी खडी लॉनमध्ये जाते आणि वसंतात रेक घेऊन परत गोळा करत बसावं लागतं.

पत्र्याचा वाद मात्र मला फारसा पटत नाही. पॉलीवरून (प्लास्टिकच्या पत्र्यावरून) स्नो छान घसरतो आणि गंजत नाही, स्टील पावडर कोट उडाला की गंजतं पण वेल्डिंग करून नीट होतं, स्टेनलेस, जसं स्नोडॉगचं, दिसायला झकास. तिन्ही चालतात. त्यापेक्षा खालच्या कटिंग एजकडे (जमिनीला घासणाऱ्या पट्टीकडे) लक्ष द्या, ती झिजते, आणि झिजून संपली की ब्लेडचा मूळ पत्रा जमिनीला घासायला लागतो, ती मग महागडी गंमत.

बॅक-ड्रॅग हा शब्द डीलरकडे नक्की काढा. गॅरेजच्या दारापासून स्नो ढकलता येत नाही, ओढावा लागतो, आणि साधा ब्लेड मागे ओढताना फक्त स्वतःच्या वजनाने खाली बसतो, दाबलेला स्नो असेल तर वरून सरकत जातो. काही प्लाऊमध्ये डाउन प्रेशरचा ऑप्शन मिळतो, हायड्रॉलिकने ब्लेड खाली दाबतो. दार ते रस्ता छोटा ड्राइव्हवे असेल तर हा ऑप्शन खरंच कामाचा.

माउंटिंगबद्दल, हल्ली सगळ्यांचंच बरं आहे. फिशरचं मिनिट माउंट २, वेस्टर्नचं अल्ट्रामाउंट, बॉसचं स्मार्टहिच २, सगळ्यात ट्रक पुढे न्यायचा, पिन किंवा लिव्हर लावायचा, वायरचे प्लग जोडायचे. नावाप्रमाणे एका मिनिटात होतं का? सपाट जमिनीवर, दिवसा, हातमोज्याशिवाय, हो. अंधारात उणे तापमानात पिन जागेवर यायला जरा खटपट करावी लागते, म्हणून प्लाऊ काढून ठेवताना सपाट जागी फळीवर ठेवा, मग पुढच्या वेळी उंची जुळते. प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरपूर लावा. मिठाचं पाणी तिथे घुसलं की सगळं बंद, आणि दोष मग लोक पंपाला देतात.

विजेचा मुद्दा बरेच जण विसरतात. पंप १२ व्होल्टवर चालतो आणि ब्लेड उचलताना खूप करंट ओढतो, त्यात हीटर, मागची काच, वायपर, प्लाऊचे दिवे, सगळं चालू, आणि ट्रक बहुतेक वेळ आयडलला, जिथे अल्टरनेटर कमीच देतो. बॅटरी जुनी असेल तर आधी ती बदला. दिव्यांत एलईडी उजेडाला मस्त, पण ते गरम होत नाहीत म्हणून त्यांच्यावर बर्फ साचतो, हॅलोजन निदान वितळवतो, तेव्हा एलईडी घ्यायचे तर हीटेड घ्या.

वापरण्याबद्दल थोडंच. रस्त्यावर ब्लेड खूप वर उचलून पळवलं तर रेडिएटरला हवा मिळत नाही आणि काटा वर जातो, ब्लेड थोडा खाली आणि तिरका केला की उतरतो. मॅन्युअलमध्ये रस्त्यावरच्या स्पीडची मर्यादा असते, सहसा ताशी ४५ मैल, ती पाळा. पुढून रिव्हर्सला टाकताना ट्रक पूर्ण थांबू द्या, प्लाऊच्या ट्रकचे गिअरबॉक्स जास्त करून इथेच मरतात.

सर्व्हिसचा माझा अनुभव, डीलरचं नाव घेत नाही, असा की प्लाऊ बसवला छान पण बॅलास्टबद्दल एक अक्षर बोलला नाही, मी विचारल्यावर "हवं तर टाका" म्हणाला. मॅन्युअलमध्ये माझ्या ट्रकसाठी आकडा छापलेला होता. दुसरं, डीलर जवळचा घ्या, ब्रँड कुठला का असेना, कारण होस फुटते ती वादळाच्या रात्रीच फुटते आणि तेव्हा जो पार्ट दोन गावं पलीकडे आहे तो नसल्यात जमा. एक जादा होस, सॉलेनॉइड, पिना आणि हायड्रॉलिक ऑइलची बाटली मी सीटमागेच ठेवते.

एचडी२ बद्दल तक्रार एकच, हातातला कंट्रोलर जाड ग्लोव्ह घालून दाबायला अवघड जातो, जॉयस्टिकवाला घेतला असता तर बरं झालं असतं असं कधीकधी वाटतं. बाकी स्नो जिथे ढकलायचा तिथे जातो, ओला असो की भुसभुशीत. सीझन संपला की ऑइल बदला, कारण त्यात पाणी साठतं आणि पुढच्या थंडीत गोठून ब्लेड वर यायला रडतो, आणि सिलिंडरचे चकचकीत दांडे आत ओढून घ्या किंवा उघडे राहिलेल्या भागाला ग्रीस लावून ठेवा.