गेट ते पडवी डांबरीकरण, आमचा अनुभव

गुहागरच्या घराला गेटपासून पडवीपर्यंत जेमतेम ७० फूट उताराची वाट, दर पावसाळ्यात लाल चिखल आणि गाडीचं चाक जागच्या जागी फिरणार, म्हणून यंदा एप्रिलमध्ये डांबर करून घेतलं. काम करणारा जवळचाच, नाव नाही देत कारण अर्धं काम झकास आणि अर्धं वैताग!

झकास म्हणजे खालचं काम. माती उकरून मोठी खडी टाकली, पाणी मारून रोलर फिरवला, दोन दिवस बसू दिली. डांबराचा माल वर कितीही जाड टाका, खालचा थर पोकळ असेल तर पहिल्याच पावसात खड्डा पडतो.

वैताग मालाचा. सकाळी आठला येतो सांगून डंपर आला साडेअकराला, ताडपत्री नीट झाकलेली नाही, कडेचा माल गार होऊन ढेकळं झालेली. गार माल रोलरखाली दबतच नाही. भांडून तेवढा बाजूला काढायला लावला, पण माडाच्या बुंध्याजवळ राहिलाच थोडा, तिथली खडी आत्ताच पायाला लागते.

आणि हो, पहिले तीन दिवस गाडी नेऊ नका. आमच्या भावोजींनी दुसऱ्याच दिवशी उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवलं, टायरचा गोल अजून तसाच आहे. पाण्याचा उतार गटाराकडे काढलाय तो मात्र एक नंबर, जूनच्या पहिल्या सरीला थेंब थांबला नाही. पाचपैकी साडेतीन.