खानापूरची मातीची भांडी आणि बँक सोडून चाकावर बसलेले अण्णा

आईला दह्यासाठी गाडगं पाहिजे होतं म्हणून बेळगावहून खानापूरला गेलो, रस्त्याकडंचीच पत्र्याची शेड आहे पण बोर्ड इतका बारका की मी आधी पुढंच गेलो. घेतलं पाच मिनिटात, बसलो दोन तास.

अण्णा 14 वर्षं बँकेत होते. पगार, पीएफ, सगळं. भीती नाही वाटली काय विचारलं तर म्हणाले, "वाटली की. आजबी वाटते, जून लागला की जास्तच." खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, माती वाळतच नाही, आणि ओल राहिलेलं भांडं भट्टीत घातलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतं, त्यामुळं पावसाचे चार महिने काम जवळजवळ बंद, तेवढे पैसे उन्हाळ्यातच बाजूला काढायला लागतात. नोकरी पण एका दिवसात नाही सोडली, तीन वर्षं दर रविवारी एका म्हाताऱ्या कुंभारमामांकडं शिकले, घराचं लोन फेडलं, दीड वर्षाचा खर्च साठवला, मग राजीनामा. वहिनींचा शाळेतला पगार चालू आहे हे पण स्वतःच सांगितलं. मला हे लई पटलं, नाहीतर लोक नुसतं धाडस केलं म्हणून सांगतात आणि घर कशावर चाललं ते सांगतच नाहीत.

आता भांडी. गाडगं 180 रुपये, देताना बोटानं टिचकी मारून दाखवतात, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे. दही एकदम घट्ट लागतंय, जादाचं पाणी माती ओढून घेते. आमटीचं मडकं पण घेतलं, एक दिवस पाण्यात बुडवून मग त्यात तांदळाची पेज उकळायला सांगितली, तसंच केलं, छान चाललंय, फक्त झाकण नीट बसत नाही, हलतंय. फोन केला तर उगाच सबबी नाही सांगितल्या, झाकण वेगळं वाळवलं होतं त्यामुळं कमीजास्त आकसलं, बदलून देतो म्हणाले. त्यांच्याकडं एक वही आहे, प्रत्येक भट्टीत किती लावली, किती तडकली, कशानं तडकली, सगळं तारखेनं लिहिलेलं. त्यात माझं झाकण पण लिहिलं असणार.

होम डिलिव्हरी नाही, गूगल पे चालतंय.

मी बेळगावच्या औद्योगिक भागात, उद्यमबागला 11 वर्षं नोकरीत आहे आणि गावाकडच्या दोन एकरात रोपवाटिका करायचं डोक्यात आहे. रविवारी झाकण बदलायला चाललोय, जाताना माझे खर्चाचे आकडे पण घेऊन जाणार, अण्णांना दाखवायला.