अल्फा कोर्स : पंगत उत्तम, वाढणाऱ्यांनी जरा गप्प बसावं

सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणं हे मंडळीचं, म्हणजे चर्चचं, मुख्य काम, यावर वाद नाही. मत्तय २८ मधली ‘सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा’ ही महाआज्ञा संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असते आणि मंडळी सुवार्ता सांगण्यासाठीच आहे, असं पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली स्पष्ट लिहून ठेवलं आहे. गाडी अडते ती पुढे. शेजारच्या जोशीकाकूंना नेमकं बोलवायचं कुठे आणि त्या आल्यावर करायचं काय? ख्रिस्ती विश्वासाची जेवणासोबत ओळख करून देणारा अल्फा कोर्स हे त्यावरचं तयार उत्तर. मंडळीने नोंदणी केली की व्हिडिओ आणि साहित्य फुकट मिळतं, पाहुण्यांकडून फी घ्यायची नसते. खर्च येतो तो जेवणाचा, जागेचा आणि माणसांच्या वेळेचा.

हा कोर्स लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये १९७७ साली सुरू झाला. चार्ल्स मार्नहम यांनी तो नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी चार आठवड्यांचा वर्ग म्हणून घेतला. पुढे जॉन आयर्विन यांनी तो दहा आठवड्यांचा केला आणि मध्ये शनिवार-रविवारचं शिबिर घातलं. १९९० मध्ये सूत्रं हाती घेणारे निकी गम्बेल मूळचे बॅरिस्टर. चर्चमध्ये कधी न येणारी माणसं या वर्गात रमतात हे त्यांनी हेरलं आणि सगळी मांडणी त्यांच्यासाठी फिरवली. आज कॅथलिकांपासून पेंटेकॉस्टलांपर्यंत सगळेच ख्रिस्ती पंथ तो चालवतात.

संध्याकाळचा साचा ठरलेला आहे : जेवण, अर्ध्या तासाचं भाषण किंवा व्हिडिओ, मग गटात गप्पा. ‘येशू कोण?’, ‘तो का मेला?’, ‘प्रार्थना का आणि कशी करायची?’ अशा क्रमाने विषय सरकतात. पवित्र आत्म्यावरचे विषय शिबिरात येतात. आपल्याकडे साडेसातला ताटं वाढली, सव्वाआठला व्हिडिओ लावला आणि पावणेनऊ ते साडेनऊ गप्पा ठेवल्या की जमतं. साडेनऊला थांबायचं म्हणजे थांबायचं, कुणी ऐन रंगात बोलत असलं तरीही. एकदा दहा वाजले की लांबची लोकल पकडणारा पुढच्या आठवड्यात येत नाही.

जेवण हा कोर्सचा सर्वांत मजबूत भाग आहे आणि तोच इथे सर्वांत आधी छाटला जातो. ‘चहा-बिस्किटं पुरे’ म्हणतात. पुरत नाहीत. चहा उभ्याने पिऊन होतो, जेवायला बसावं लागतं. आणि बसलेला माणूस शेजारच्याशी बोलतोच. तीस माणसांना तीन किलो तांदळाचा मसालेभात, कोशिंबीर आणि मठ्ठा एवढ्यावर निभतं. स्वयंपाक शाकाहारीच असावा, वार गुरुवार नसावा आणि पहिली संध्याकाळ श्रावणात येऊ देऊ नये. बाहेरचे पाहुणे बोलवायचे तर त्यांचे उपास आपण लक्षात ठेवायला नकोत का? पाहुण्यांबरोबर यजमानांनीही तेच ताट घ्यायचं. कोपऱ्यात ऐच्छिक वर्गणीचा डबा ठेवला तर फुकट खाल्ल्याचा संकोच राहत नाही.

आता गट. एका गटात दहा-बाराच माणसं, त्यात दोन यजमान आणि एक मदतनीस. उरलेले सगळे पाहुणे हवेत. मंडळीतलेच सात जण गटात येऊन बसले आणि पाहुणे दोनच उरले, की त्या दोघांना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. कोर्स फसण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण म्हणजे यजमानाने उत्तर देणं. अल्फाच्या पद्धतीत यजमानाने प्रश्न विचारायचे असतात, शिकवायचं नसतं. आपल्याकडे यजमान म्हणून हमखास नेमले जातात मंडळीतले वडील (एल्डर) किंवा संडे स्कूलचे जुने शिक्षक, आणि हीच माणसं या कामाला सर्वांत कच्ची निघतात. पाहुणी विचारते, “सगळे देव एकच ना?” यजमान पटकन योहान १४:६ (‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे’) काढून वाचून दाखवतो. ती मान डोलावून म्हणते, “हो, बरोबर आहे.” मराठी माणसाचं हे ‘बरोबर आहे’ नीट ऐकायला शिकलं पाहिजे. पटलं असा त्याचा अर्थ नाही, विषय संपला असा आहे. त्याऐवजी “तुम्हाला काय वाटतं, काकू?” एवढं विचारून दहा सेकंद गप्प बसावं. दहा सेकंद फार लांबतात, पण बहुतेक वेळा काकू स्वतःच पुढे बोलतात. यजमानांचं प्रशिक्षण कोर्सच्या आधीच होणं गरजेचं आहे. ते टाळून थेट पहिल्या संध्याकाळी उतरणाऱ्यांनी हा कोर्स करूच नये.

शिबिर वगळण्याचा मोह तिसरा. दोन दिवसांची जागा महाग पडते, माणसांना सुट्टी मिळत नाही, हे खरंच. मग शनिवारी सकाळी नऊ ते पाच असा एकच दिवस धरावा, तोही शहराबाहेर एखाद्या रिट्रीट हाऊसमध्ये. चर्चच्याच हॉलमध्ये ठेवला तर दुपारी अर्धे घरी जाऊन येतात आणि त्यातले काही परत येतच नाहीत. ‘पवित्र आत्म्याने कसं भरून जावं’ या भाषणानंतर प्रार्थना होते. पाहुण्याला आधी विचारूनच त्याच्यासाठी प्रार्थना करायची, आवाज साधा ठेवायचा आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला चहा द्यायचा. आरोग्याविषयीच्या संध्याकाळीही हेच पथ्य. बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करावी, पण औषध बंद करा असं कुणाच्याही तोंडून निघता कामा नये.

आता मालातले दोष. व्हिडिओ देखणे आहेत, पण त्यांच्यासमोरचा माणूस लंडनचा आहे : लहानपणी चर्च पाहिलेला, मग विसरलेला, ‘देव आहे तरी का?’ असं विचारणारा. साताऱ्याच्या किंवा डोंबिवलीच्या पाहुण्याला देव आहे याची खात्रीच असते. त्याचा प्रश्न असतो, ‘येशूच का? विठोबा आहे की!’ या प्रश्नाला कोर्समध्ये स्वतंत्र संध्याकाळ नाही. जात, घरच्यांचा विरोध, बाप्तिस्म्यानंतर लग्नकार्यात होणारी अडचण हे विषय तर आसपासही फिरकत नाहीत. म्हणून शक्य असेल तिथे व्हिडिओ बाजूला ठेवून आपलाच वक्ता मराठीत उभा करावा. कोर्समध्ये तशी मुभा आहे. उदाहरणं मात्र मुळापासून बदलावीत. क्रिकेटचा विनोद चालेल, इंग्रजी पबचा नाही.

गाण्यांचंही तसंच. गाणी ठेवायचीच तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ठेवावीत आणि ती ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं असावीत. पेटी आणि टाळ पुरतात. अल्फाची मूळ कल्पना आपल्याला परकी नाहीच. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले येशूभक्त एकत्र यावेत हीच कल्पना होती.

मंडळी, संस्कार (बाप्तिस्मा, प्रभुभोजन वगैरे), गरिबांचा प्रश्न यांना कोर्समध्ये फारच कमी जागा आहे. कॅथलिक धर्मग्रामांना (पॅरिशना) तर संस्कारांचं शिक्षण नंतर वेगळं द्यावंच लागेल. शास्त्रवाचन जास्त हवं असेल तर लंडनच्याच ऑल सोल्स चर्चमधून आलेला ‘ख्रिश्चॅनिटी एक्सप्लोर्ड’ पाहावा. तो मार्काच्या शुभवर्तमानावर बांधलेला आहे आणि अधिक काटेकोर आहे. मात्र वाचनाची सवय नसलेल्यांना तो जड जातो.

कायद्याचंही एक सांगायला हवं. घटनेच्या २५ व्या कलमात धर्मप्रसाराचा हक्क आहे. पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं आहे. शाळेची फी, नोकरी, रेशन यांची मदत मंडळी करत असेल तर तिचा या कोर्सशी काडीचाही संबंध ठेवू नये आणि एकाच माणसाला दोन्ही कामं देऊ नयेत. निमंत्रणपत्रिकेवर ‘ख्रिस्ती विश्वासाची ओळख’ असं उघड छापावं. ‘जीवनविकास शिबिर’ म्हणून बोलवून येशू वाढणं ही फसवणूक आहे, आणि पाहुण्याला ती दुसऱ्याच आठवड्यात कळते.

कोर्स संपल्यावर काय, याची तयारी बहुतेक मंडळ्यांकडे नसते. दहा आठवडे मोकळेपणी बोललेल्या माणसाला अकराव्या आठवड्यात थेट रविवारच्या उपासनेला बसवलं की ‘हे प्रभो’च्या भाषेत तो हरवतो. तोच गट, तेच यजमान, पंधरवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी, असं किमान सहा महिने चालवावं. शेवटच्या संध्याकाळच्या जेवणाला जुने पाहुणे आपले मित्र घेऊन येतात आणि पुढचा कोर्स तिथूनच भरतो. तेव्हा त्याची तारीख, वार आणि जागा आधी ठरवून पत्रिका त्या रात्री टेबलावर छापून तयार हव्यात.