फळ्यावर काय लिहायचं: ‘४० आयबीयू’ की ‘चांगलीच कडवट’?

मालवणला माझ्या मावसभावाची परमिट रूम आहे. यंदा त्यानं क्राफ्ट बिअर ठेवली आणि फळा रंगवायला घेतला तेव्हा अडला. कडवटपणा आकड्यात लिहायचा की शब्दांत?

आधी आकडा. आयबीयू (इंटरनॅशनल बिटरनेस युनिट) हे बिअरच्या कडवटपणाचं माप. १ आयबीयू म्हणजे ढोबळमानानं लिटरमागे १ मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) उकळताना त्यातली अल्फा आम्लं रूप पालटतात, तीच ही. पण आकडा दोन वाटांनी येतो आणि कुठल्या वाटेनं आला ते बाटली सांगत नाही. प्रयोगशाळेत बिअरला आम्ल घालून तिच्यातला कडू अंश आयसो-ऑक्टेनमध्ये उतरवतात, २७५ नॅनोमीटरचे अतिनील किरण तो किती शोषतो ते पाहतात आणि ५०नं गुणतात. दुसरी वाट कागदावरची: हॉप्स किती, त्यात अल्फा किती टक्के, उकळले किती वेळ, हे आयबीयूचा अंदाज बांधणाऱ्या टिन्सेथच्या सूत्रात घातलं की झालं. हा अंदाजच. मोजलेल्यावर माझा भरवसा जास्त, पण तोही सोवळा नाही. यंत्र आयसो-अल्फासोबत हॉप्समधली इतर द्रव्यंही मोजतं. आंबवणीनंतर वरून भरपूर हॉप्स घातलेली आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्सचा जोर असलेली बिअर) असेल, तर यंत्राचं आणि जिभेचं पटेलच असं नाही.

त्यात गोडव्याचा घोळ. ‘कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच’ ही म्हण आयबीयूला चपखल बसते, जिभेला नाही. गूळ घातलेलं कारलं आपल्याकडे पोरंही खातात. तसंच माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं: ६० आयबीयूची दाट, काळी स्टाउट ४०च्या फिकट पेल एलपेक्षा सौम्य लागू शकते. म्हणून जाणकार आयबीयूला मूळ घनतेच्या (आंबवण्याआधीचा रस पाण्याच्या किती पट जड) शेवटच्या आकड्यांनी भागतात. स्टाउट १.०९० असेल तर ६० भागिले ९०, म्हणजे ०.६७, पेल एल १.०४५ असेल तर ४० भागिले ४५, म्हणजे ०.८९. ब्रूअरला उपयोगी, पण फळ्यावर लिहिलंत तर गिऱ्हाईक त्याला दर समजेल.

शब्दांची खोट वेगळी. माझं ‘मध्यम’ पुण्याच्या पाहुण्याला जहर वाटेल. मात्र कोकणातल्या माणसाला कडू आणि तुरट यांतला फरक शिकवावा लागत नाही, काजूचे बोंडू खाऊन घसा धरलेला असतो. शिवाय आकडा बाटली भरतानाचा असतो. उकाड्यात पडून राहिली की बिअरचा कडवटपणा उतरतो, शब्द मात्र चाखून बदलता येतात. (हिरवी बाटली उन्हात ठेवू नका. कडवटपणा राहिला बाजूला, आधी घाण वास येईल.)

तुमच्याकडे येणारे बहुतेक नवखे असतील तर शब्दच लिहा, आकडा विचारणाऱ्यासाठी गल्ल्यावर ठेवा. आम्ही तेच केलं. गव्हाच्या बिअरपुढे ‘कडू जवळजवळ नाहीच’ आणि आयपीएपुढे ‘कारल्याच्या काचऱ्यांइतकी’. पहिल्याच संध्याकाळी एका काकांनी फळा नीट वाचला आणि काचऱ्यांची प्लेट मागवली.