सतराव्या नियमासाठी घ्यावे असे पुस्तक : ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’

इंग्रजीतून पत्रे, अहवाल आणि टिपणे लिहिणे हा ज्यांच्या नोकरीचा भाग आहे, त्यांनी ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ हे नाव बहुधा ऐकलेले असते. विल्यम स्ट्रंक आणि ई. बी. व्हाइट यांच्या नावावर असलेले हे पुस्तक अमेरिकेत गेली साठाहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती दिले जात आहे. ते जेमतेम शंभर पानांचे आहे, आणि तरीही त्यातला सगळाच मजकूर सारख्या मोलाचा नाही. माझ्या मते ते घेण्याचे खरे कारण दीड-दोन पानांत मावते, आणि ती पाने अनावश्यक शब्द गाळण्याविषयीच्या सतराव्या नियमाची आहेत.

स्ट्रंक हे कॉर्नेल विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि १९१८ साली त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांपुरती ४३ पानांची एक पुस्तिका स्वतःच छापून घेतली. १९१९ मध्ये त्यांच्या वर्गात बसलेले व्हाइट पुढे ‘न्यू यॉर्कर’चे नामवंत लेखक झाले. १९५७ मध्ये त्यांनी त्या साप्ताहिकात आपल्या दिवंगत गुरूंवर लेख लिहिला, त्यानंतर मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीचे काम त्यांच्याकडे सोपवले आणि १९५९ मध्ये ती बाजारात आली. शब्द गाळण्याचा नियम सांगताना गुरुजी तो ओळीने तीनदा म्हणत, अशी आठवण व्हाइट यांनी नोंदवली आहे. फालतू शब्द इतके छाटलेले असत की तास संपण्याआधी बोलणेच संपून जाई, आणि उरलेला वेळ भरून काढायला गुरुजींना पुनरुक्तीचाच आधार घ्यावा लागे, असा त्यावर व्हाइट यांचा मिश्कील खुलासा आहे.

नियमाचे विधान मोजके आहे: चित्रात जशी वायफळ रेघ नसावी आणि यंत्रात वायफळ सुटा भाग नसावा, तसा वाक्यात वायफळ शब्द नसावा. स्ट्रंक लगेच हेही बजावतात की, याचा अर्थ प्रत्येक वाक्य आखूड करावे किंवा तपशील वगळावा असा नाही. वाक्यातल्या प्रत्येक शब्दाने काही काम केले पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे. हा उत्तरार्ध फारसा कोणी लक्षात ठेवत नाही, आणि मग तीन-तीन शब्दांची तुटक वाक्ये लिहून नियम पाळल्याचे समाधान मानले जाते.

परंतु अनावश्यक शब्द गाळा असे सांगितल्याने कोणता शब्द अनावश्यक हे कळत नाही. ते कळते नियमाखाली दिलेल्या जोड्यांवरून. ‘द क्वेश्चन अ‍ॅज टू वेदर’ याऐवजी नुसते ‘वेदर’, ‘यूज्ड फॉर फ्युएल पर्पजेस’ याऐवजी ‘यूज्ड फॉर फ्युएल’, ‘ही इज अ मॅन हू’ याऐवजी ‘ही’. ‘द फॅक्ट दॅट’ या शब्दसमूहावर तर स्ट्रंक यांचा विशेष राग असून तो जिथे दिसेल तिथून काढावा असे ते सांगतात. ‘ओइंग टू द फॅक्ट दॅट’ म्हणजे ‘सिन्स’, बस्स. या जोड्या चार-सहा वेळा डोळ्यांखालून गेल्या की वाक्यातली चरबी नामा-क्रियापदांत नसते, ती त्यांना जोडणाऱ्या सांध्यांत साठलेली असते, हे ध्यानात येते. त्यापुढे मॅक्बेथच्या कथेचा नमुना आहे: सहा सुट्या वाक्यांत ५१ शब्दांनी सांगितलेली हकीकत एका वाक्यात २६ शब्दांत येते, आणि तिच्यातला एकही प्रसंग गळत नाही. येथे शब्द छाटलेले नाहीत, वाक्यांची मांडणी बदललेली आहे, हे नवशिक्याने सावकाश पाहावे.

पुस्तकाची परीक्षा आपल्या रोजच्या मजकुरावर घेणे उचित, म्हणून आपल्या कार्यालयांत सर्रास आढळणारे एक वाक्य घेऊ: ‘धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट द मीटिंग विच वॉज शेड्यूल्ड टू बी हेल्ड ऑन फ्रायडे हॅज बीन पोस्टपोन्ड टू अ लेटर डेट ड्यू टू द फॅक्ट दॅट द चेअरमन इज आउट ऑफ स्टेशन.’ हे ३४ शब्द झाले. पहिले सहा शब्द म्हणजे नमनाला घडाभर तेल; पत्र पाठवले आहे म्हणजे कळवायचेच आहे. बैठक ठरलेली असते आणि भरणारच असते, तेव्हा ‘शेड्यूल्ड टू बी हेल्ड’ जाते. पुढे ढकललेली गोष्ट नंतरच्याच तारखेला जाणार, म्हणून ‘टू अ लेटर डेट’ जाते. उरते ते असे: ‘फ्रायडेज मीटिंग इज पोस्टपोन्ड, अ‍ॅज द चेअरमन इज अवे.’ नऊ शब्द. आता मात्र वाचणाऱ्याला चटकन प्रश्न पडतो की, मग बैठक आहे कधी? मूळ वाक्यातही नवी तारीख नव्हतीच, पण ‘टू अ लेटर डेट’ या भरतीच्या शब्दांनी तारखेची जागा अडवून ठेवली होती आणि काहीतरी सांगितल्याचा आभास निर्माण केला होता. शब्द गाळण्याचा हा फायदा स्ट्रंक सांगत नाहीत, परंतु त्यांच्या पद्धतीने वाक्य सोलल्यावर तो आपोआप हाती लागतो, आणि कार्यालयीन लेखनात मला तो जागेच्या बचतीहून मोठा वाटतो.

उणिवा आहेत आणि त्या आपल्या दृष्टीने किरकोळ नाहीत. ज्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहिले गेले त्यांची पुनरुक्ती वेगळी आणि आपली वेगळी. ‘रिव्हर्ट बॅक’, ‘डिस्कस अबाउट’, ‘प्लीज फाइंड अटॅच्ड हियरविथ’, ‘फॉर युवर काइंड इन्फॉर्मेशन’ ही आपल्याकडची मंडळी येथे भेटणार नाहीत. त्यांतली काही अतिनम्रतेतून आली आहेत, काही कारकुनी मसुद्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकलेतून. पिवळा पीतांबर म्हणताना आपल्याला हसू येते. ‘पिन’मधल्या ‘एन’चा अर्थच ‘नंबर’ असूनही ‘पिन नंबर’ म्हणताना येत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ‘नल अँड व्हॉइड’ किंवा ‘विल अँड टेस्टामेंट’ यांसारख्या कायद्याच्या इंग्रजीतील जोडशब्दांचे काय करायचे, यावर पुस्तक गप्प आहे. करारनाम्याचा मसुदा तयार करणाऱ्याने सतराव्या नियमाची कात्री वकिलाला न विचारता चालवू नये, कारण तिथे वाचकाच्या सोयीइतकेच वादाला जागा न ठेवण्याला महत्त्व असते.

व्याकरणाच्या बाबतीत तर हे पुस्तक जपूनच वापरावे. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००९ मध्ये, म्हणजे व्हाइट यांच्या आवृत्तीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, दाखवून दिले की कर्मणी प्रयोग टाळण्यासाठी दिलेल्या चार नमुन्यांपैकी तीन मुळात कर्मणी नाहीतच. त्यांतला एक ‘देअर वेअर अ ग्रेट नंबर ऑफ डेड लीव्हज लाइंग ऑन द ग्राउंड’ हा आहे, आणि त्याची सुधारणा ‘डेड लीव्हज कव्हर्ड द ग्राउंड’ अशी. बारा शब्दांचे पाच झाले, सुधारणा उत्तमच आहे; निदान चुकले, औषध लागू पडले. हा नमुना सतराव्या नियमाखाली असता तर कोणाची तक्रार राहिली नसती. आरंभीच्या अकरा नियमांतील विरामचिन्हांची चर्चा अमेरिकन वळणाची असल्याने आपल्या संस्थेचा प्रघात सोडून ती स्वीकारण्याचे कारण नाही. व्हाइट यांनी जोडलेले शेवटचे शैलीविषयक प्रकरण वाचनीय आहे, पण ललित लेखन करणाऱ्यांना ते अधिक उपयोगी पडेल.

ज्यांचा संबंध मुख्यतः सरकारी किंवा बँकेच्या पत्रव्यवहाराशी येतो, त्यांनी एकच पुस्तक घ्यायचे ठरवले तर मी अर्नेस्ट गावर्स यांच्या ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्‌स’कडे बोट दाखवीन. गावर्स यांनी सुरुवातीची काही वर्षे लंडनच्या इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्यात, नोकरी केली होती. ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून त्यांनी अधिकाऱ्यांसाठी १९४८ मध्ये पहिली पुस्तिका लिहिली आणि १९५४ मध्ये हे एकत्रित पुस्तक आले. त्यात अनावश्यक शब्दांवर स्वतंत्र प्रकरण आहे, कायद्याच्या इंग्रजीची वेगळी दखल आहे, आणि ज्या साहेबी पत्रभाषेची आपण अजून नक्कल करतो तिची चिकित्सा तिच्याच घरच्या माणसाने केलेली आहे. मात्र ते बरेच मोठे आहे आणि निवांतपणा मागते. स्ट्रंक एका बैठकीत वाचून होतो.

घेताना एक पाहावे. १९१८ च्या मूळ पुस्तिकेवरील स्वामित्वहक्क संपलेला असल्याने तिची पुनर्मुद्रणे कोणीही काढू शकतो. मुखपृष्ठावर व्हाइट यांचे नाव नसेल तर ती प्रत बहुधा या जुन्या मजकुराची असते, आणि तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. फक्त तिथे हा नियम तेराव्या क्रमांकावर शोधावा लागतो.