हाइव्ह: दोन वर्षे लिहून आणि मते देऊन पाहिल्यावर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हाइव्ह ही इंटरनेटवरची लेखनसेवा समजावून सांगायची असेल, तर दूध संस्थेपासून सुरुवात केलेली बरी. सकाळी किटली घेऊन संस्थेत गेले की दुधाचा नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे आकडे पावतीवर उमटतात, त्यावरून दर ठरतो आणि दहा दिवसांनी बिल हातात पडते. म्हैस कोणाची आहे, मालक कोणाच्या गटातला आहे, याच्याशी त्या यंत्राला काही देणेघेणे नसते. लेखक, छायाचित्रकार आणि चित्रकार यांना टोकनच्या, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या, रूपात मोबदला देणाऱ्या हाइव्हवर मात्र असे यंत्रच नाही. तिथे दूध घालणारेच एकमेकांच्या दुधाचे फॅट ठरवतात, आणि ज्याच्या गोठ्यात म्हशी जास्त त्याच्या शब्दाला वजन जास्त. गेली दोन वर्षे मी तिथे सवडीने लिहितो आहे, आणि या सेवेचे गुणदोष सांगायचे तर तंत्रापेक्षा माणसांच्या असूयेविषयी आणि औदार्याविषयीच अधिक बोलावे लागेल, असे माझे मत झाले आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. २०१६ मध्ये स्टीम नावाची ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, पुसता न येणारी नोंदवही, सुरू झाली. ती उभारणारी कंपनी फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनचे संस्थापक जस्टिन सन यांनी विकत घेतल्यावर वापरणाऱ्यांशी वाद पेटला, आणि २० मार्च २०२० रोजी मोठा गट वेगळा होऊन त्याने हाइव्ह ही स्वतंत्र साखळी सुरू केली. सहकारात वाटण्या पाहिलेल्या आपल्याकडच्या लोकांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. येथे रोज नवी टोकन निर्माण होतात आणि त्यांपैकी ६५ टक्के लेखक व मतदार यांच्या सामाईक निधीत जातात. पोस्ट टाकल्यापासून सात दिवसांत तिला जी मते पडतील, त्यांच्या एकूण वजनाच्या प्रमाणात या निधीतला वाटा मिळतो. त्यातला निम्मा लेखकाचा आणि निम्मा मत देणाऱ्यांचा. पूर्ण ताकदीचे एक मत दिले की मतशक्ती सुमारे दोन टक्क्यांनी उतरते आणि दिवसाला वीस टक्क्यांनी भरून येते, म्हणजे रोज साधारण दहा पूर्ण मते देता येतात. मताचे वजन खात्यात गुंतवून ठेवलेल्या टोकनवर, म्हणजे हाइव्ह पॉवरवर, अवलंबून असते. गावच्या दूध संस्थेत म्हैस एक असो वा दहा, सभासदाला मत एकच. इथे ते तत्त्व मुळातच नाही.

असूयेचे मूळ या सामाईक निधीत आहे. यूट्यूबवर लांब व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. शेजाऱ्याच्या व्हिडिओला लाखो प्रेक्षक मिळाले तर माझे मन खट्टू होईल, पण माझ्या हिशेबातून थेट काही वजा होत नाही. हाइव्हवर त्या दिवशीचे पातेले एकच असते, त्यामुळे दुसऱ्याच्या ताटात पडलेला प्रत्येक डाव माझ्या ताटातून गेला असे म्हणायला गणिताचा आधार मिळतो. शिवाय प्रत्येक पोस्टखाली डॉलरचा आकडा सर्वांना दिसेल असा लिहिलेला असतो. एखाद्या कारकुनी कचेरीत प्रत्येकाचा पगार त्याच्या शर्टाच्या खिशावर छापला तर जे वातावरण होईल, तेच इथे कायम असते.

याचा अनुभव मला परक्या माणसाकडून नव्हे, स्वतःकडूनच आला. ऊस तुटायला लागल्यावर मी तीन दिवस एका गुऱ्हाळावर जाऊन बसलो होतो. चुलवाणात चिपाड सारणारा माणूस, काहिलीतल्या उकळत्या रसावर धरणारी काळपट मळी, ती वर यावी म्हणून घातलेले भेंडीचे बुळबुळीत पाणी, आणि पाक हातावर घेऊन, बोटांत गोळी वळून ‘उतरवा’ म्हणणारा गुळव्या, हे सगळे मी सोळा छायाचित्रांसह लिहिले. सात दिवसांनी पोस्टखाली ०.३१ हा आकडा होता. त्याच आठवड्यात कोल्हापुरातल्याच एका ओळखीच्या लेखकाने मिसळीच्या ताटाचा एक फोटो आणि चार ओळी टाकल्या होत्या, आणि त्याखाली ४.१२ लागले होते. संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर, समोर म्हैस पिळली जात असताना आणि हातात फेसाळलेला ग्लास असताना, मी मोबाइल उघडला, त्याच्या पोस्टवर डाउनव्होटची, म्हणजे मोबदला घटवणाऱ्या विरोधी मताची, पट्टी शंभर टक्क्यांवर नेली आणि बटण दाबले.

आकडा होता तिथेच राहिला. माझ्या खात्यात इतकी कमी हाइव्ह पॉवर होती की माझ्या संपूर्ण असूयेची किंमत एका सेंटच्या शंभराव्या भागाइतकीही भरली नाही. दुसऱ्या दिवशी लाज वाटून मी ते मत मागे घेतले. तेव्हा कळले की मागे घेता येते ते मताचे वजन, नोंद नव्हे. ब्लॉकचेनवर दोन्ही कृती माझ्या नावासह कायम राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्याच कट्ट्यावर तो भेटला आणि ग्लास पुढे करत एवढेच म्हणाला, “काय भावा, फॅट कमी लागलं व्हय?”

डाउनव्होटची सोय मुळात मत्सरासाठी केलेली नाही, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. चोरलेला मजकूर, स्वतःच्याच दहा खात्यांनी स्वतःला दिलेली मते, यंत्राने उपसलेला कचरा, यांना सामाईक निधीतून पैसे जाऊ नयेत म्हणून ते हत्यार आहे. पूर्वी डाउनव्होट देणाऱ्याची स्वतःची मतशक्ती खर्ची पडत असे, त्यामुळे लोक ते वापरायला कचरत. ऑगस्ट २०१९ मधल्या बदलांत (ते स्टीमच्या काळात झाले आणि हाइव्हने वारशाने घेतले) मतशक्तीच्या चतुर्थांशाइतके डाउनव्होट फुकट मिळू लागले. चोरांना त्यामुळे बराच चाप बसला, हे खरे. पण ‘या लेखाची एवढी लायकी नाही’ हेही डाउनव्होटचे मान्य कारण समजले जाते, आणि या वाक्यामागे विवेक किती व जळफळाट किती हे ओळखण्याची कोणतीही सोय या व्यवस्थेत नाही. माझ्यासारख्या लहान खात्याचा मत्सर निरुपद्रवी ठरतो. मोठ्या खात्याचा मत्सर मात्र नवख्याची आठवड्याची मेहनत एका बोटाने पुसू शकतो. या सेवेचा सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो.

औदार्याची बाजूही तपासून घ्यावी लागते. मत देऊन दुसऱ्याला मोबदला मिळवून देणे म्हणजे उदारपणा, असा तिथे सर्रास समज आहे. परंतु ते पैसे मतदाराच्या खिशातले नसतात आणि निम्मा वाटा मतदारांकडेच परत येतो. त्यामुळे पुष्कळ मते न वाचता, स्वयंचलित पद्धतीने, ज्याच्या पोस्टला नेहमी चांगला आकडा लागतो त्यालाच पडत राहतात. मिसळीच्या चार ओळींचे रहस्यही तेवढेच होते. आपल्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला तेव्हा ख्यालाच्या बिदागीतला अर्धा भाग दरबाराकडे वळता करून घेतला नव्हता, एवढे नमूद करून पुढे जातो.

ज्यात परत काहीच येत नाही अशा सोयीही हाइव्हवर आहेत आणि मला तिथे टिकवून ठेवले ते त्यांनी. आपली हाइव्ह पॉवर मालकी न सोडता दुसऱ्याच्या खात्याला वापरायला देता येते. त्याला डेलिगेशन म्हणतात, आणि परत मागितल्यास ती पाच दिवसांनी मिळते. नव्या खात्याला लिहिण्यासाठी लागणारी रिसोर्स क्रेडिट, म्हणजे साखळीवर काही नोंदवण्याची मोजकी मुभा, फार लवकर संपतात, तीही उसनी देता येतात. आपल्या पोस्टच्या मोबदल्याचा ठरावीक हिस्सा परस्पर दुसऱ्याच्या खात्यात जाईल अशी तजवीज पोस्ट टाकतानाच करता येते. माझ्या पहिल्याच महिन्यात, क्रेडिट संपून मी दोन दिवस अडकून पडलो असताना, कधीही न भेटलेल्या एका व्यक्तीने न विचारता तीस हाइव्ह पॉवर डेलिगेट केली होती. सोबत पत्र नाही, अट नाही. वर्षभराने ती परत घेतली, तेव्हाही काही न बोलता. आपल्याकडे पेरणीच्या वेळी बैलजोडी देण्याची जी पद्धत होती, तिच्याशी याचे नाते जवळचे वाटते.

व्यावहारिक बाबी. खात्याला चार प्रकारच्या किल्ल्या, म्हणजे लांबलचक सांकेतिक शब्द, असतात. त्या हरवल्या तर दुसऱ्या देणारे कोणतेही कार्यालय नाही, म्हणून कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि रोजच्या वापराला फक्त पोस्टिंगची किल्ली घ्यावी. ०.०२ पेक्षा कमी आकडा लागला तर काहीच मिळत नाही. गुंतवलेली हाइव्ह पॉवर मोकळी करायला तेरा आठवडे लागतात आणि ती आठवड्याच्या हप्त्यांनी मिळते. भारतात आभासी मालमत्तेच्या विक्रीवरील नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि तोटा दुसरीकडे वजा करता येत नाही, तेव्हा याकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहणाऱ्याने आधी करसल्लागाराला विचारावे. ज्याला दुसऱ्याचा आकडा पाहून झोप लागत नाही, त्याने इकडे फिरकूच नये. ज्याला गुऱ्हाळ, तालीम, चप्पल शिवणाऱ्याची आरी अशा गोष्टींवर सावकाश लिहायचे आहे आणि देशोदेशीच्या चार अनोळखी वाचकांचे नेमके प्रश्न हवे आहेत, त्याने वर्षभर जरूर लिहून पाहावे. ‘गोळी वळल्यावर पाक किती वेळात उतरवावा लागतो’ हे मला फिलिपिन्समधल्या एका वाचकाने विचारले होते आणि त्यासाठी मी पुन्हा गुऱ्हाळावर गेलो होतो.

तेरा आठवड्यांची ती मोकळी करण्याची प्रक्रिया मी दोनदा सुरू केली आणि दोन्ही वेळा मध्येच थांबवली. सध्या माझ्या खात्यातली वीस हाइव्ह पॉवर कागलकडच्या एका मुलीच्या खात्याला डेलिगेट केलेली आहे. ती गावच्या तालमीतल्या मुलींची छायाचित्रे टाकते. परवा तिच्या पोस्टला ६.४० लागले. माझ्या शेवटच्या पोस्टला ०.५२.